वाइडभाऊ

वाइडभाऊंचं खरं नाव आमच्या तालुक्यात फारसं कुणी घेत नाही. वाइड लेन्सवर बोलून बोलून त्यांना हे नाव चिकटलं. काही जण मुद्दाम 'वाईटभाऊ' म्हणतात. माणूस वाईट नाही. गेली तीन वर्षं त्यांना एक लेन्स घ्यायची आहे, एवढंच. उमेदवार दोन: निकॉनची 20 मिलिमीटर आणि निकॉनचीच 24. दोन्ही प्राइम, म्हणजे झूम नाही. पुढंमागं व्हायचं ते आपल्याच पायांनी. 20 बाजारात आली 2014 साली, 24 त्याच्या पुढच्या वर्षी. एवढ्यात कंपनी मिररलेसकडे वळलीसुद्धा. भाऊ अजून पहिल्याच मुक्कामी आहेत.

"कोनती घेऊ, सांगा ना जी?" हा प्रश्न ते भेटेल त्याला विचारतात. उत्तर दिलं की मात्र नाराज होतात. 20 म्हटलं तर 24 ची बाजू घेतात, 24 म्हटलं तर 20 ची. बरं, दोघींत भांडण लागावं असं फारसं काही नाही. छिद्र दोघींचं एफ 1.8, त्यामुळे मंडईतल्या रातच्या नाटकाला अंधुक उजेडात दोन्ही सारख्याच. वजन दोघींचं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. भाऊंनी तेही स्वतः पारखलं. एका पुडीत तेवढे चणे, दुसरीत तेवढीच लाखोळीची डाळ बांधली आणि आठ-आठ दिवस एकेक पुडी कॅमेऱ्याच्या बॅगेत घालून फिरले. निष्कर्ष निघाला, पण तो डाळीच्या बाजूनं निघाला.

राहता राहिला कोन. 20 चा कर्णकोन 94 अंश, 24 चा 84. या दहा अंशांत भाऊंचा संसार अडकला आहे.

श्रावणात इटियाडोहचा सांडवा वाहायला लागला आणि भाऊंचा फोन आला. या इतवारी निकाल लावायचा. गाढवी नदीवरच्या या धरणाची लांबी 505 मीटर. ती अख्खी फ्रेममध्ये बसवायची तर किती दूर उभं राहावं लागेल, याचं गणित त्यांनी वहीत मांडून आणलं होतं: 20 ला 280 मीटर, 24 ला 336. मधला फरक 56 मीटर. तो फरक 'डोळ्यानं पाहायचा' होता. त्यासाठी त्यांनी तीस मीटरची टेप आणली होती आणि दुसरं टोक धरायला मला.

आता सांडव्यावर गर्दी म्हणजे गर्दी. पोरं भिजताहेत, मोबाइल उंचावले जाताहेत, दर सेकंदाला इटियाडोहचे शंभर फोटो निघताहेत. एका नागपूरकराच्या खांद्यावर तोफेएवढी टेलिफोटो. त्याला सारस हवा होता. वाइड लेन्सनं सारस काढला तर माणसाच्या उंचीचा तो पक्षी स्वल्पविरामाएवढा दिसेल, हे भाऊंनी त्याला फार प्रेमानं समजावलं. त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

आम्ही धरणाखाली, बांद्यांच्या धुऱ्यांवरून मोजत निघालो. नऊ वेळा टेप टाकली, वर दहा मीटर. भाऊंनी तिथं काडी रोवली. पुढचे 56 मीटर मोजायचे तर समोरच्या बांदीत उतरावं लागणार होतं. रोवणी चालू होती. बाया थांबल्या. एक म्हातारबुवा धोतर सावरत आले आणि आमच्या टेपकडं पाहत राहिले.

"का साहेब, धरन आणखी वाढवून रायले का?"

"नाही जी बाबा."

"मंग आमची बांदी कायले मोजता?"

धरणाच्या अंगणात टेप घेऊन फिरू नये, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. भाऊंनी 94 अंश, 84 अंश, फ्रेमची रुंदी असं सगळं समजावलं. बुवा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "मोबदला किती भेटते मंग?" आम्ही 280 वरूनच परत फिरलो.

वाटेत मला एक शंका आली. "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे ना? त्यावर 20 वागेल तीससारखी, अन् 24 छत्तीससारखी. हे 280-336 त्याला लागूच नाही. अन् तुमच्या जवळच्या 18-55 मध्ये तर दोन्ही येतात. रिंग 20 वर ठेवा, मग 24 वर. इथंच पाहून घ्या."

भाऊ थांबले. मला वाटलं, तीन वर्षांचा संसार मी मोडला.

"फुल फ्रेम घेनारच आहो ना मी," ते शांतपणे म्हणाले. "पहिले लेन्स तं ठरू द्या."

फुल फ्रेमचे कॅमेरेही दोन निवडले आहेत, हे त्यांनी पुलाजवळ आल्यावर सांगितलं.

परतताना झिंग्यांपाशी थांबलो. इटियाडोहचे झिंगे न घेता घरी गेलं तर दार उघडत नाहीत. मावशीसमोर दोन ढीग होते, एक बारक्यांचा, एक मोठ्यांचा. "कोनते देऊ जी?" मी सावलीतला दगड पाहून बसून घेतलं, आता अर्धा तास निश्चिंती.

"अर्धा-अर्धा किलो दोन्ही," भाऊ म्हणाले. गाडी बंदसुद्धा केली नव्हती.

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. त्यांनी पिशवी हँडलला अडकवली, पैसे दिले आणि मला मागं बसायची खूण केली.

"पुढच्या इतवारी रोवणी आटपते त्याइची," ते म्हणाले. "पन्नास मीटरची टेप आनतो."