आधी तारीख द्या, मग पाइप

राजस्थानच्या वाळवंटातला शेतकरी थेंबथेंब वाचवतो आणि कावेरीकाठचा भातवाला पाणी उधळतो, हे वाक्य परिसंवादात हमखास टाळ्या घेतं. ते खोटं आहे आणि शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे.

कावेरीच्या डेल्टातल्या तंजावर जिल्ह्यातलं पापनाशम घ्या. तंजावरच्या मराठ्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षं ज्या भातावर चाललं, तो याच पट्ट्यातला. तिथे पाणी वाचवण्याचं तंत्र कुणाला ठाऊक नाही असं नाही. आडुतुरैचं भात संशोधन केंद्र त्याच जिल्ह्यात 1922 पासून आहे. तंत्रही साधं. भोकं पाडलेला पाइप खाचरात पुरायचा, आतली पातळी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेली की मगच पुन्हा पाणी द्यायचं. फक्त फुलोऱ्यात पाणी उभं ठेवायचं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या मते यात 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं, उत्पन्न घटत नाही, मिथेनही कमी निघतो. पाइपचा खर्च किरकोळ.

मग शेतकरी खाचर तुडुंब का ठेवतो? कारण पुढचं पाणी कधी येईल, हे त्याला कुणी सांगत नाही.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे डेल्टासाठी 12 जूनला उघडायचे, असा रिवाज आहे. त्यावर भाताचा कुरुवै हंगाम उभा राहतो. 2012 साली ते सप्टेंबरात उघडले. 2017 साली ऑक्टोबरात. 2024 साली जुलै संपता संपता. 2023 साली तारीख पाळली, लावणी झाली आणि वरून, म्हणजे कर्नाटकातून, पाणी आलं नाही. उभी कुरुवै वाळली आणि ऑक्टोबरात दरवाजे बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कावेरीच्या पाण्यातला तमिळनाडूचा वाटा 177.25 टीएमसी ठरवला, पण तो टंचाईच्या वर्षी महिन्यामहिन्याला कसा मिळणार, यावर भांडण दर वेळी नव्याने. अशा माणसाला ‘खाचर वाळू द्या’ म्हणायचं? आज बांधात अडवलेलं पाणी हाच त्याचा विमा आहे. शिवाय डेल्टात पुष्कळ ठिकाणी पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. शेजाऱ्याला पाणी हवं असेल तर मधल्याने एकट्याने आपलं खाचर वाळवायचं कसं? ज्याच्याकडे बोअर आहे त्याला शेतीपंपाची वीज फुकट. म्हणजे वाचवलेल्या पाण्याचा एक रुपयाही त्याच्या खिशात पडत नाही.

आता ज्या वाळवंटाचं कौतुक होतं तिथे बघा. जालोर-बाडमेरमध्ये 2008 साली नर्मदेचा कालवा पोहोचला, तेव्हा राजस्थान सरकारने तुषार सिंचन सक्तीचं केलं. पण सक्तीसोबत गटागटाला डिग्गी म्हणजे साठवण टाकी, पंप आणि ठरलेला वाटाही दिला. आधी 1.35 लाख हेक्टर भिजवायचा बेत होता, तो 2.46 लाखांवर गेला. तिथल्या शेतकऱ्याच्या अंगी जन्मजात काटकसर होती म्हणून हे झालं नाही. पाणी टाकीत दिसत होतं, म्हणून झालं.

आपल्याकडचा दाखला वाघाडचा. नाशिक जिल्ह्यातल्या या प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या, शेतकऱ्यांना मोजून पाणी मिळू लागलं, आणि द्राक्षाला ठिबक आलं. वाचवलेलं पाणी आपलंच राहतं, हे कळल्यावर शेतकऱ्याला व्याख्यानाची गरज उरली नाही. उलट इतर अनेक कालव्यांवर टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन सुटल्याचं वर्तमानपत्रातून कळतं आणि पाणी पोहोचतच नाही. तिथे ठिबकचं अनुदान 80 टक्के करा नाहीतर 100. नळ्या शेताच्या कडेला गुंडाळून पडणार. अनुदान वाटणं सोपं आहे, फीत कापता येते. वेळापत्रक पाळणं अवघड, कारण ते चुकलं की अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. म्हणूनच ते कुणाला नको असतं.

तेव्हा मेट्टूर असो की जायकवाडी, जलसंपदा खात्यांकडे मागणी एकच. हंगामातल्या प्रत्येक आवर्तनाची तारीख आणि माप पेरणीआधी गावात लावा. पाणी कमी असेल तर कमी लिहा, पण लिहा. तारीख चुकली तर भरपाई द्या. हे झाल्यावर पाइप वाटायला या. तोवर शेतकऱ्याला उधळ्या म्हणू नका.