हरकती मागविण्यात येत आहेत

ज्याने आपल्या उमेदीची सारी वर्षे महसुली दप्तरात फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात, त्या नोंदींवर हितसंबंधी इसमांच्या हरकती मागविण्यात आणि आलेल्या हरकतींचा फैसला होईपर्यंत ते कागद वाळवीपासून राखण्यात घालविली, त्याला कोणतीही दोन माणसे, दोन शेते अथवा दोन वस्तू एकमेकांशेजारी आल्या म्हणजे पहिली शंका येते ती ही की, यांपैकी हरकत कोण घेणार आणि केव्हा घेणार. नोटीस चावडीवर डकविल्यापासून हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. त्या पंधरा दिवसांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि नोंद प्रमाणित होऊन शाई वाळली न वाळली तोच मुंबईहून एखादा चुलतभाऊ, रात्रीच्या एस.टी.ने, हातात बॅग आणि तोंडात कायदा घेऊन उतरतो. मुदतीत आलेल्या हरकतीने कोणाचे वाटोळे झाल्याचे मला आठवत नाही. मुदतीनंतर आलेल्यांविषयी मात्र मी पुष्कळ लिहू शकेन.

आमचे नातू लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतात आणि सुटीला पोलादपुरास येऊन आजीच्या हातचे जेवतात, या दोन गोष्टींपैकी दुसरीचीच आजवर आम्हांला खात्रीलायक माहिती होती. यंदा त्यांनी घरात नवा संगणक असावा असा ठराव मांडला आणि त्याच्या खर्चाची बाजू माझ्या निवृत्तिवेतनाकडे वर्ग केली. मी म्हटले, महाडला जाऊ, दुकानात पाहू, मनास आला तर गाडीत घालून आणू. त्यावर चिरंजीव मंद हसले.

“नाना, तयार नाही घ्यायचा. पार्ट निवडून असेंबल करायचा. फक्त ते एकमेकांना चालले पाहिजेत.”

हे ‘फक्त’ ऐकून मी चष्मा पुसला. कारण ‘फक्त भावांच्या सह्या बाकी आहेत’ असे म्हणत आलेली कित्येक प्रकरणे माझ्या टेबलावर वार्धक्यास पोचलेली मी पाहिली आहेत.

यादी पुढे आली. तीत प्रोसेसर, त्याला आश्रय देणारा मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा कूलर, सर्वांना वीज पुरविणारा एसएमपीएस आणि या साऱ्या बिऱ्हाडाला पोटात घेणारे कॅबिनेट असा असामीवार तपशील होता. परंतु कोणाचे कोणाशी जमते हा रकाना कोरा होता, आणि तो भरण्याचे काम, घरात रिकामा इसम मी एकटाच असल्यामुळे, माझ्याकडे आले. मी मदरबोर्डांच्या माहितीपुस्तिका छापून आणविल्या, त्यांना दोरा ओवला, पृष्ठांकन केले आणि कामास बसलो.

पहिलाच वाद बैठकीचा निघाला. इंटेलच्या 12व्या, 13व्या व 14व्या पिढीचे प्रोसेसर एलजीए 1700 नावाच्या बैठकीवर बसतात, म्हणजे बोर्डावर सतराशे नाजूक पिना उभ्या असून प्रोसेसर त्यांवर केवळ टेकलेला असतो. 2024 साली आलेल्या नव्या कुळास मात्र 1851 पिनांची बैठक लागते आणि जुन्या पाटावर बसणे त्यास मंजूर नाही. एएमडीचा एएम4 जातीचा प्रोसेसर आपल्या 1331 पिना आपल्याच तळव्याला बाळगून येतो. 2022 च्या एएम5 पासून मात्र त्या घराण्यानेही पिना बोर्डाच्या पदरात टाकल्या. पिना कोणाच्या मालकीच्या, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु पीन वाकली की ज्याच्या अंगावर ती आहे त्याची वॉरंटी जाते, आणि कोणताही मालकी हक्काचा प्रश्न नुकसानीपर्यंत येऊन पोचला की तो क्षुल्लक राहत नाही, हे मला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

रॅमच्या बाबतीत मात्र मी एका थोर विभूतीच्या दर्शनाने भारावून गेलो. डीडीआर4 आणि डीडीआर5 या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसास फरक कळू नये. पिना दोहींच्या 288, लांबी तीच, रंगरूप तेच. परंतु खालच्या कडेस जी एक बारीक खाच असते, तिची जागा दोहींत किंचित निराळी असल्यामुळे एक पट्टी दुसरीच्या घरात काही केल्या शिरत नाही. ही खाच नोटिशीची वाट पाहत नाही, मुदतवाढ मागत नाही, वकीलपत्र देत नाही. पहिल्याच क्षणी समक्ष हजर राहून, कोणाची भीडमुर्वत न धरता, आपली हरकत नोंदविते आणि वाद जागच्या जागी मिटतो. असा एक जरी सहहिस्सेदार प्रत्येक सामाईक गटात निपजता, तर आमच्या तालुक्यातील निम्मे वकील शेतीला लागले असते. गोम एवढीच की, इंटेलच्या वर सांगितलेल्या पिढ्यांना दोन्ही रॅम चालतात, बोर्डाला मात्र एकच चालते, आणि जवळजवळ एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत विकला जातो. भेद दाखविणारा ‘डी4’ हा शेरा नावाच्या अगदी शेपटाशी असतो, आणि घाईत लिहिलेल्या कोटेशनात पहिली छाटली जाते ती शेपटीच.

खाचेच्या अगदी विरुद्ध प्रकृतीचा इसम म्हणजे बायोस. एएम4 च्या जुन्या बोर्डात पुष्कळ नंतर निघालेला प्रोसेसर बिनतक्रार बसतो, खटका लागतो, पंखा फिरू लागतो, घरातील मंडळी जमतात आणि पडद्यावर काही येत नाही. चौकशीअंती कळते ते असे की, बोर्डातील बायोसला ह्या प्रोसेसरची ओळख नाही. ओळख पटवावयाची तर बायोस अद्ययावत केला पाहिजे. तो करावयाचा तर संगणक सुरू झाला पाहिजे. आणि संगणक सुरू व्हावयाचा तर त्यात बायोसच्या ओळखीचा प्रोसेसर पाहिजे. हे वाचताच मला परमुलखात आपल्या गावचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. रहिवासाचा दाखला मिळण्यास रहिवासाचा पुरावा, आणि पुरावा मिळण्यास दाखला, ही पद्धत केवळ आपल्याकडची अशी माझी समजूत होती. सातासमुद्रापलीकडील अतिशय बुद्धिमान लोकांनी, आपल्याकडून काडीचेही मार्गदर्शन न घेता, स्वतंत्र प्रज्ञेने तीच रचना सिद्ध करावी, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. एएमडीने तर एके काळी गिऱ्हाइकास केवळ ओळखपरेडीपुरता जुना प्रोसेसर उसना धाडण्याची तजवीज केली होती. हल्ली काही बोर्डांवर एक बटण असते. पेनड्राइव्ह लावून ते दाबले की प्रोसेसर जाग्यावर नसतानाही बायोस सुधारतो. साहेब जाग्यावर नसताना कागद पुढे सरकविणारे असे बटण मी नोकरीत असेपर्यंत निघाले नाही, हे एका परीने बरेच झाले. आम्हां कारकुनांना त्या काळी काही महत्त्व होते.

मुक्या हरकतदाराचा मासला म्हणजे नावाच्या अखेरीस ‘एफ’ हे अक्षर धारण करणारा इंटेलचा प्रोसेसर. तो आपल्या भावंडांहून थोडा स्वस्त मिळतो, कारण चित्र दाखविण्याचा जो अंगभूत भाग, तो त्याच्यात बंद ठेवलेला असतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड जोडल्यावाचून पडद्यावर ठिपका उमटत नाही. महाडातील माझ्या एका स्नेह्यांनी या स्वस्ताईचा लाभ घेतला. संगणक सुरू झाला, दिवे लागले, आत काय चालले आहे ते त्या यंत्रास पूर्णपणे विदित होते, परंतु बाहेर सांगण्याचा अधिकार तेवढा त्यास नव्हता. नोकरीत मी अशा पुष्कळ सज्जनांशेजारी बसलो आहे.

जुन्या संगणकाचा कूलर नव्यास वापरावा, ही काटकसरीची सूचना माझी. तो एलजीए 1200 च्या बैठकीचा होता. तेथे स्क्रूच्या दोन भोकांतील अंतर 75 मिलिमीटर, आणि 1700 च्या बैठकीवर 78. तीन मिलिमीटर! नांगराच्या फाळाने वीतभर बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी कुटुंबे माझ्या सज्जात होती, आणि त्या काळी मी त्यांना क्षुद्र बुद्धीची माणसे समजत असे.

एम.2 च्या भानगडीत मी वाचकांस फार वेळ गुंतवीत नाही. एसएसडीची 22 मिलिमीटर रुंद व 80 मिलिमीटर लांब अशी ती पट्टी बोर्डाच्या दुसऱ्या जागेत बसविली, तर जुन्या हार्ड डिस्क जोडण्याचे साटाचे एकदोन दरवाजे आपोआप बंद होतात, असे काही पुस्तिकांत अगदी बारीक अक्षरात, तळटीपेत, छापलेले असते. सामाईक विहिरीच्या पाळीची शर्त खरेदीखतात कोठे लिहिलेली असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी शोधल्यास ती तळटीप सापडेल.

या सर्व कलहात एक व्यवस्था मात्र वतनासारखी टिकून आहे. इंटेलने 1995 साली एटीएक्स या नावाने जे माप घालून दिले, बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोके अमुक जागी, मागची खिडकी अमुक जागी, ते आजतागायत चालू आहे; आणि म्हणून आमच्या माळ्यावरचे जुने कॅबिनेट, ज्यात मध्यंतरी आमसुले भरून ठेवण्याचा विचार आमच्या मंडळींनी गंभीरपणे चालविला होता, आजच्या बोर्डासही विनातक्रार जागा देते. नातवास ते नको होते. त्यास एका अंगाने काच असलेले व आतून नाना रंगांनी झळकणारे कॅबिनेट हवे होते. त्या दिव्यांतही दोन पंथ निघाले, 12 व्होल्टांचे चार पिनांचे आणि 5 व्होल्टांचे तीन पिनांचे. दुसऱ्या पंथाचा दिवा पहिल्याच्या जागी लावला तर तो एकदाच, परंतु फार तेजाने, झळकतो.

महाडच्या दुकानदाराच्या कोटेशनात निम्म्या मालापुढे ‘मुंबईहून मागवावा लागेल’ असा शेरा असल्यामुळे चिरंजीव स्वतःच मुंबईस निघाले. संगणकाचे सुटे भाग घ्यावयाचे तर सर रॉबर्ट ग्रांट या गव्हर्नराच्या नावाच्या स्टेशनावर उतरून लॉर्ड लॅमिंग्टन या दुसऱ्या गव्हर्नराच्या नावाच्या रस्त्यावर जावे लागते. रस्त्याचे दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु 1907 साली अधिकार सोडून गेलेल्या लॅमिंग्टन साहेबांची वहिवाट तेथे अद्याप निर्वेध चालू आहे, आणि सातबाऱ्यावर नाव एकाचे व कब्जा दुसऱ्याचा असला म्हणजे लोक कोणाला ओळखतात, ते त्या रस्त्यावर उभे राहिल्यास कळते. माल तेथे सर्व मिळाला. काचेचे कॅबिनेटही मिळाले असते. परंतु 2011 पासून ज्याचे चौपदरीकरण चालू आहे त्या मुंबई-गोवा महामार्गावरून ती काच मांडीवर घेऊन येण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहताच चिरंजीवांनी फोनवरून मला कळविले की, माळ्यावरच्या कॅबिनेटमध्येही एक प्रकारचे सौंदर्य आहे. आमसुलांचा बेत त्याच दिवशी रद्द झाला.

भागांची आपापसांत दिलजमाई झाली तरी पोलादपूरची स्वतःची हरकत शिल्लक राहते, आणि ती कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसते. एका अंगाला महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला कशेडी, आणि या दोहोंच्या मधल्या ओंजळीत चार महिने जो पाऊस साचतो, त्यात कपाटातील चामड्याच्या वहाणांना दाढीमिशा फुटतात; तेथे तांब्यापितळेच्या इवल्याशा पिनांनी कोरडे राहावे ही अपेक्षाच उद्दामपणाची. विजेचे वर्णन मी करीत नाही, कारण ते करण्यास ती असावी लागते. म्हणून यूपीएस घेणे आले. त्यावर 600 व्हीए असे ठळक लिहिलेले होते. खाली बारीक अक्षरात 360 वॉट. नातवाने पॉवर फॅक्टर नावाची काही मीमांसा सांगितली, परंतु मला ती लागली नाही. एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा जाता लागवडीलायक काय उरते, हे मी आयुष्यभर लिहीत आलो होतो. पुढे असेही निघाले की, स्वस्त यूपीएस जी वीज देतो तिची लहर गोलाईची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते आणि चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसना त्या पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणजे वीज जाताच यूपीएस आपले कर्तव्य चोख बजावतो आणि संगणक तरीही बंद पडतो. हलक्या यूपीएसचे हलक्या एसएमपीएसशी बरे जमते. समाजात वावरताना हे पूर्वीही माझ्या पाहण्यात आले होते.

अर्थिंगची गोष्ट निराळी. एसएमपीएसमध्ये विजेतील खळखळ गाळणारे जे छोटे कपॅसिटर असतात, ते गाळलेला गाळ अर्थिंगच्या तारेत सोडतात. आमच्या घरातील ती तार भिंतीत शिरून पुढे कोठे जाते याची नोंद कोणाकडेच नसल्यामुळे, 230 व्होल्टांपैकी सुमारे निम्मा दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन मुक्काम करी आणि हात लावणाऱ्यास झिणझिण्यांनी आपली ओळख देई. वायरमनने परसात खड्डा खणविला, त्यात मीठ आणि कोळसा भरविला, पट्टी पुरली आणि सांगितले की उन्हाळ्यात येथे रोज पाणी घालावे. एवढ्या पुढारलेल्या यंत्राची भूक शेवटी मीठ, कोळसा आणि पाणी यांवर भागावी, याने आमच्या मंडळींचे त्याच्याविषयीचे मत प्रथमच थोडे अनुकूल झाले.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे शिवभारत अपुरेच राहिले, तेव्हा या गावात एखादा रकाना कोरा राहिला तर लाज बाळगण्याचे कारण नाही, असे मी नातवास सुचवून पाहिले; परंतु शेवटचा रकाना, जागेचा, त्याने भरण्याचा आग्रह धरला. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडालेली पाहिल्यापासून मोलाची वस्तू जमिनीलगत ठेवण्यास माझे मन धजत नाही. म्हणून टेबल हवे, आणि टेबलास खिडकीपासून दूर, प्लगच्या जवळ, ओल न येणारा कोपरा हवा. असा कोपरा घरात एकच होता. त्यावर आमच्या मंडळींनी, आजवर एक अक्षरही न बोलता सर्व कागदपत्रे पूर्ण होऊ दिल्यानंतर, आपली हरकत दाखल केली. तो कोपरा गणपतीचा. मखर तेथेच बसते, सासूबाईंच्या सासूबाईंपासून तेथेच बसते.

हरकत मुदतबाह्य आहे असे म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. उभयपक्षी तडजोड अशी ठरली की, टेबलास चाके लावावीत आणि भाद्रपद लागताच संगणकाने ओटीवर बिऱ्हाड हलवावे. सुतारास बोलाविले. त्याने टेबल उलटे करून पायांकडे बराच वेळ पाहिले.

“नाना, चाकं प्लेटची आणू का बोल्टची?”

“फरक काय?”

“प्लेटच्याला खाली रुंद पाय लागतो. तुमचे पाय बारीक. बोल्टचं बसेल, पण भोक किती एमएमचं पाडू ते आधी सांगा. आणि बाजारात आटे दोन तऱ्हेचे येतात.”

मी नातवाकडे पाहिले. त्याने वहीचे नवे पान उलटले आणि रकाने आखावयास घेतले.