तेवढाच वेळ जातो

बाईने पंचेचाळिशीत काही सुरू केलं की घरात त्याला एकच नाव मिळतं: छंद. मग ती पहाटे उठून चाळीस डबे का भरत असेना! ‘‘हिचा तेवढाच वेळ जातो,’’ असं यजमान पाहुण्यांना सांगतात, तेव्हा ती ओट्याशी एका हाताने आमटी ढवळत दुसऱ्या हाताने तेल-डाळीच्या नव्या भावाचा हिशेब मोबाइलवर मांडत असते. यजमानांनी निवृत्तीनंतर सोसायटीचं सचिवपद घेतलं, की ती मात्र ‘दुसरी इनिंग’.

सरकारही मागे नाही. राज्याच्या सरकारी नोकरीला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८. मुलं दहावी-बारावीतून सुटेस्तोवर आईची मुदत संपलेली. (मधल्या वर्षांचा अनुभवाचा दाखला कोण देणार? सासूबाई?)

फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये ‘नायका’ काढली, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. आता तिला छंद म्हणायला जीभ रेटत नाही. बाकीच्या बायकांची कंपनी बाजारात येईपर्यंत एवढं करा: डब्याचे पैसे महिनाअखेरीला द्या. ‘काकू, पुढच्या महिन्यात एकदम देतो’ हे किराणा दुकानदाराला सांगून पाहा.