दोन सेकंद वाचवणारा माणूस

तुमच्या ऑफिसात तो आहेच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. इतरांच्या स्क्रीनवर रंगीत चौकोन आणि आलेख नांदत असतात, याच्या स्क्रीनवर काळ्यावर हिरवट अक्षरं. माउस ड्रॉवरमध्ये, वायर गुंडाळून ठेवलेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेलेली. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात त्याला सगळे ‘बुवा’ म्हणतात. वय पस्तिशीच्या आत, दाढी बेताची, कपाळाला काही नाही, तरी बुवा. कारण त्याच्याकडे शंका घेऊन गेलं की उत्तर मिळत नाही, प्रवचन मिळतं.

प्रवचनाचा आरंभ १९७८ पासून होतो. त्या वर्षी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने व्हीटी१०० नावाचं यंत्र काढलं. एक पडदा, एक कीबोर्ड, ८० रकाने, २४ ओळी. खरा संगणक दुसऱ्या खोलीत. ते ८० रकाने तरी कुठून आले? आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकं पाडायच्या कार्डांवरून. व्हीटी१०० कधीच संग्रहालयात गेलं, पण त्याची भाषा सुटली नाही. पडदा पुसायचा तर आजही आधी एस्केपचं चिन्ह, मग चौकटी कंस, मग २, मग जे. बुवाचा टर्मिनल एम्युलेटर म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल, आणि ही नक्कल वठवायला तो ग्राफिक्स कार्ड कामाला लावतो. ज्या चिपवर बाकीची पोरं मोटारींच्या शर्यती खेळतात, त्या चिपवर बुवा १९७८ सालचा पडदा चालवतो.

पण मिळाला तसा वापरला तर तो बुवा कसला? त्याला तो वाढवायचा असतो. त्यासाठी तो स्क्रिप्ट लिहितो. आणि ती का लिहिली असं विचारलं की डोळे बारीक करून, राष्ट्रहिताची गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणतो, “दोन सेकंद वाचतात.”

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं ते घड्याळावरून. बुवा ‘किटी’ नावाचा टर्मिनल वापरतो. तो केला कोविद गोयल या भारतीय माणसाने. २००६ साली ई-पुस्तकांचं कॅलिबर सुरू केलं तोच. हे सांगताना बुवाची छाती अशी फुगते की जणू गोयलांच्या मुंजीत हा बटू शेजारी बसला होता. किटीत वरच्या टॅबच्या पट्टीवर काय दिसावं हे ‘टॅब_बार’ नावाची पायथनची फाईल लिहून ठरवता येतं. बुवाने तिथे घड्याळ बसवलं. मग बॅटरी. मग चहाची वेळ झाली की कपाचं चित्र.

“अरे, घड्याळ स्क्रीनच्या कोपऱ्यात आहेच की,” मी म्हटलं.

“तिकडे नजर न्यायची, परत आणायची, आपण कुठे होतो ते आठवायचं. दोन सेकंद जातात.”

ही फाईल लिहायला त्याचा अख्खा शनिवार गेला होता. रविवारही गेला, कारण चहाचा कप अर्धाच दिसत होता.

एका नव्या मुलाने, नवा होता म्हणूनच, त्याला हिशेब विचारला. बुवाने फळ्यावर मांडला. दिवसातून पन्नास वेळा दोन सेकंद म्हणजे शंभर सेकंद. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर २४,००० सेकंद. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. पोरगं भोळेपणाने म्हणालं, “पण सर, लिहायला किती वेळ लागला?” बुवाने फळा पुसला. त्यात एक शनिवार, एक रविवार आणि एका मावसबहिणीचा साखरपुडा गेला होता हे आम्हाला माहीत होतं. पण खर्चाची बाजू मांडायची नाही, हा या संप्रदायाचा पहिला नियम आहे.

संप्रदायच म्हणायचा, कारण बुवाने पंथही बदलले आहेत. कॉलेजात तो यूआरएक्सव्हीटी टर्मिनलवाला होता; त्यात पर्ल भाषेत लिहावं लागे, आणि काल आपण काय लिहिलं ते आज आपल्यालाच कळत नसे. मग ऑफिसने मॅक दिला, तेव्हा आयटर्म२ आणि त्याचं पायथन. मग किटी. मध्ये एका पावसाळ्यात तो वेझटर्मकडे वळला. ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, पण त्याला सूचना द्यायच्या त्या लुआ भाषेत. लुआ १९९३ साली ब्राझीलच्या रिओत, एका विद्यापीठात जन्मली, आणि तिच्यात यादीची मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते. तुम्ही-आम्ही लहानपणापासून एकापासूनच मोजत आलो, त्यामुळे यात आपल्याला काही वावगं दिसत नाही. बुवाला ते घशाखाली उतरेना. गणपती बसायच्या आत तो किटीकडे परत आला. पंथ बदलला की जुनी सगळी स्क्रिप्टं नव्या भाषेत पुन्हा लिहायची. त्यात जो वेळ जातो तो दोन-दोन सेकंदांनी वसूल करायला बुवाला सहा-सात जन्म तरी घ्यावे लागतील.

किटीतल्या या छोट्या जोडप्रोग्रामांना ‘किटन’ म्हणतात. त्यात दोन भाग असतात. ‘मेन’ नावाचा भाग तुम्हाला काय हवं ते विचारतो आणि ‘हँडल_रिझल्ट’ नावाचा भाग ते करून घेतो. या दुसऱ्या भागाच्या हाती टर्मिनलची सगळी सूत्रं देणारी एक वस्तू येते. तिचं नाव ‘बॉस’. खिडकी उघड म्हटलं की बॉस खिडकी उघडतो, मजकूर चिकटव म्हटलं की चिकटवतो. बुवा एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाला, “मी सांगेन ते निमूट ऐकणारा एकच बॉस मला आयुष्यात मिळाला.” त्या वर्षी त्याची पगारवाढ बेताचीच झाली.

त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मॅनेजरसाहेबांना नव्हतं. साता समुद्रापलीकडचा क्लायंट कॉलवर होता, प्रात्यक्षिक बुवाच्या मशीनवरून चाललं होतं आणि बुवा पाणी प्यायला उठला होता. साहेबांनी सवयीने कॉपी करायची कळ दाबली. पडद्याचे चार तुकडे झाले. एका तुकड्यात आकडे धावू लागले, दुसऱ्यात एक फाईल आपसूक उघडली, तिसऱ्यात चहाचा कप आला, चौथ्यात काय होतं ते बुवालाही नंतर सांगता आलं नाही. साहेबांना घाम फुटला. क्लायंट क्षणभर गप्प राहिला आणि मग कौतुकाने म्हणाला, “हा तुमचा नवा डॅशबोर्ड का?” साहेब मुरलेले. म्हणाले, “हो.” पुढच्या बिलात त्याची स्वतंत्र ओळ होती. बुवाला यातलं काही मिळालं नाही, आणि मागायचं त्याला सुचलंही नाही. तो साहेबांवर नाराज होता ते वेगळ्याच कारणाने: “आधी कंट्रोल-शिफ्ट दाबायला हवं होतं. चुकीची खिडकी बंद करण्यात त्यांचे दोन सेकंद गेले.”

घरीही तेच. बायकोने भाजीची यादी पाठवली की हा आधी ती मंडईतल्या गाळ्यांच्या क्रमाने लावणारं काहीतरी लिहायला बसतो. यादी क्रमाने लागेपर्यंत मंडई उठलेली असते. वहिनी आता यादी पाठवत नाहीत, स्वतःच जाऊन येतात. वेळ वाचतो, म्हणतात.

हल्ली ही स्क्रिप्टं एआयला सांगून मिनिटभरात लिहून घेता येतात. त्या नव्या मुलाने तसं करून दाखवलंही. काय हवं ते चार वाक्यांत सांगितलं, किटन तयार. चालत होतं, हे विशेष. आम्हाला वाटलं, बुवा खूश होईल. इतकी वर्षं जो वेळ वाचवायला धडपडला तो असा पायाशी येऊन पडला. बुवाने ते वाचलं, दोन ठिकाणची रिकामी जागा सारखी केली आणि मुलाकडे न बघता म्हणाला, “छान आहे. मग मी शनिवारी काय करू?”

तेव्हापासून मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. तसा त्याच्या बाजूने माझ्याकडे एक जुना पुरावाही होता. एका रिलीजच्या रात्री लातूरहून नुकती रुजू झालेली एक मुलगी चाचणीचा सर्व्हर समजून खऱ्या सर्व्हरवर शिरली. एक अख्खा तक्ता रिकामा करायची आज्ञा तिने टाइप केली होती. एंटर दाबायचं तेवढं बाकी. तिच्या मशीनवर बुवाची फाईल होती, कारण बुवा नव्या माणसाला पहिल्या दिवशी पेढा देत नाही, फाईल देतो. खऱ्या सर्व्हरवर पाऊल पडलं की सगळी खिडकी लालभडक करायची, एवढंच ती फाईल करते. लाल बघून मुलीने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी ती आभार मानायला आली, तर बुवाने विचारलं, “लाल पुरेसा गडद होता ना? मला जरा फिका वाटतो.” पुढे ही सोय किटीच्या एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या, किटनमध्ये तयारच मिळायला लागली. बुवाने ती वापरली नाही. तिच्यातला लाल त्याला पसंत पडला नाही म्हणे. तिच्यात हवी ती रंगसंगती घालता येते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं, हे आम्हाला माहीत होतं.

पण त्याचं सर्वांत मोठं काम कोणाला फारसं ठाऊक नाही. त्याचे वडील, अण्णा, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. निवृत्तीनंतर एकदा ते मुलाच्या मागे खुर्ची टाकून बसले. पडद्यावर मराठी नाव असलेली एक फाईल आली. टर्मिनलच्या पडद्याची चौकटी-चौकटींची जाळी असते. एका अक्षराला एक घर, चिनी-जपानीला दोन. आपलं जोडाक्षर या हिशेबात बसत नाही. क्ष साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे करून, आणि त्याला घरं किती द्यायची यावर टर्मिनलचं आणि आतल्या प्रोग्रामचं एकमत होत नाही. पहिली वेलांटी साठवायची व्यंजनानंतर, दाखवायची आधी. तीही भलत्याच घरात जाऊन बसते. अण्णांनी चष्मा पुसला, फुटलेला क्ष पाहिला आणि विचारलं, “एवढ्या महागाच्या मशीनमध्ये क्षचा खिळा नाही? आमच्याकडे वेगळा असायचा.”

बुवाने त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी यात घातली. किटन लिहून हे सुटणारं नव्हतं. घरांचा हिशेब टर्मिनलच्या पोटात, सी भाषेत होतो, तिथे बाहेरच्या पायथनचा हात पोचत नाही. शेवटी त्याने दुसरी वाट काढली. किटीला पडद्यावर चित्र दाखवता येतं. म्हणून निवडलेली मराठी ओळ आधी नीट जुळवायची, तिचं चित्र करायचं आणि ते चित्र खिडकीवर आणून ठेवायचं. अण्णांनी भिंग लावून पाहिलं, “वळण निर्णयसागरी नाही, पण चालेल” म्हणाले आणि चहा मागितला. हे चित्र यायला दर ओळीला दोन सेकंद लागतात. बुवाच्या सगळ्या कारभारात वेळ खाणारं किटन हे एकच, आणि त्याची सबब त्याने कधी दिली नाही.

२०२३ साली युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर मधेच तोडू नये असा नियम आला, तेव्हा बुवाने ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी विचारलं, मुलगा की मुलगी? तो म्हणाला, क्ष. अण्णा तोवर गेले होते.

यंदाच्या अप्रेझलच्या अर्जात एक रकाना होता: वर्षभरात कंपनीचा किती वेळ वाचवला? लोकांनी हजारो तास लिहिले. बुवाने प्रामाणिकपणे लिहिलं, सहा तास चाळीस मिनिटं. शेरा आला, ‘अपेक्षेप्रमाणे’. लाल खिडकीसाठी अर्जात रकाना नव्हता. त्याच तिमाहीत कंपनीने खऱ्या सर्व्हरवर चुका होऊ नयेत म्हणून परदेशी बनावटीची एक महागडी प्रणाली विकत घेतली. आता साध्या आज्ञेलाही तिघांची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत सगळा मजला चहा पीत बसतो. कपाचं चित्र आता चुकून कधी विझलेलं दिसत नाही.

तेव्हा तुमच्याकडचा बुवा सांभाळा. त्याच्या कीबोर्डला हात लावू नका, हिशेब विचारू नका, लुआचा विषय काढू नका. आणि तो पहिल्या दिवशी फाईल देऊ लागला तर नको म्हणू नका. ती आपल्या मशीनवर टाकून घ्या, आणि लाल कसा आहे असं त्याने विचारलं तर गडद आहे म्हणून सांगा.