वर्गाचा मॉनिटर

डीएसएलआरने व्हिडिओ काढताना आतला आरसा वर उचलला जातो आणि ज्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आम्ही उमेदवारी केली, तो ठार आंधळा होतो. उरतो मागचा तीन इंची पडदा. २००८ साली निकॉनच्या डी९०ने डीएसएलआरला व्हिडिओ दिला, त्याच वर्षी कॅननच्या फाइव्ह डी मार्क टूने फुल एचडी. पडदा दोन्हींना तेवढाच. फोकस नवरीच्या नथीवर आहे की मागच्या मावशींच्या, हे घरी गेल्यावर कळायचं.

म्हणून सात इंची मॉनिटर घेतला. एचडीएमआयची केबल खोचली. फोकसमध्ये आलेल्या कडा लाल चमकू लागल्या. प्रश्न मिटला, वऱ्हाड उठलं. तीन इंचांत मी एकटा डोकावत होतो, सात इंचांत अख्खं कार्यालय.

"आत्याबाई अर्ध्याच दिसतायत, जरा डावीकडे घ्या," वरमामा.

"सूनबाईच्या तोंडावर लाल काय उठलंय हो?" वरमाई.

गर्दी टाळायला भाच्याने तोड सुचवली: वायफायवर टॅबलेट, लांब ठेवायचा. पण त्यावर चित्र सेकंदभर उशिरा पोचतं. अंतरपाट दूर झाला, हार पडले, वाजंत्री सुरू झाली. टॅबलेटवर दोघं अजून अविवाहितच!

शाळेतला मॉनिटर निदान वर्गाला गप्प बसवायचा. हा विकत घेतलेला सगळ्यांना बोलतं करतो, आणि बॅटरी मात्र नेमकी सप्तपदीच्या पाचव्या पावलाला संपवतो.