क्लिअरन्सवाले भाऊ

वऱ्हाडात सायकलवाले पूर्वी दोनच प्रकारचे असत: कामासाठी चालवणारे आणि तब्येतीसाठी चालवणारे. आता तिसरा प्रकार निघाला आहे, सायकल ठरवणारा. क्लिअरन्सवाले भाऊ या प्रकारातले. अमरावतीत ते पंचवटी चौकात भेटतात, अकोल्यात नेहरू पार्कजवळ. वय चाळिशीपुढचं, नोकरी पक्की, खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर.

भाऊंना ग्रॅव्हल बाईक घ्यायची आहे. हँडल रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर असे रुंद की खडी, मुरूम, पांदण काहीही आडवं येवो, गाडी थांबू नये. सायकल घ्यायची तर आधी फ्रेम ठरली पाहिजे, आणि फ्रेम ठरायची तर टायर आणि फ्रेम यांच्यातली फट, म्हणजे क्लिअरन्स, ठरली पाहिजे. भाऊ सध्या त्या फटीत अडकलेले आहेत.

रस्त्यात कुणाचीही सायकल उभी दिसली की ते तिच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसतात. परवा खेड्यातून आलेल्या एका काकांच्या काळ्या सायकलीला त्यांनी कॅलिपर लावला.

“काऊन मोजून राह्यले भाऊ?”

“यात किती बसते, काका?”

“डबलसीट बसते न. मांगं बायको, दांडीवर पोट्टं. ढेपीचं पोतं असलं तं मंग मी पायदळ.”

भाऊ टायरचं विचारत होते. काकांचा टायर निघाला अठ्ठावीस बाय दीड, म्हणजे अडतीस मिलिमीटर. वर मडगार्ड, आणि मडगार्डखालीही बोट जाईल एवढी जागा. काका म्हणाले, “पावसाळ्यात तं मडगार्ड काढूनच ठेवतो. गारा भरला का चाकच फिरत नाई.” क्लिअरन्सचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं होतं. भाऊंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला: ‘वजन जास्त.’

भाऊंना हसणं सोपं आहे, खोडून काढणं अवघड. त्यांचं म्हणणं असं की, फ्रेमवाल्यांची खरी कसोटी पेडलच्या धुऱ्यामागच्या चिमूटभर जागेत लागते. तिथे रुंद टायर, दातेरी चकती आणि चेनस्टेची, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी, नळी एकमेकांना रेटत असतात. नळी लांबवली तर जागा होते, पण सायकल वळायला सुस्त होते. म्हणून कुणी उजवी नळी खाली वाकवतो, तर कुणी पुढच्या दोन चकत्यांची एकच करतो. जुन्या रेसिंग सायकलीचा ब्रेक टायरवरूनच कमानीसारखा जाई, त्यामुळे रुंद टायरचा प्रश्नच नव्हता. डिस्क ब्रेक आले, कमान गेली आणि भाऊंची झोपही गेली.

पुढचं गणित ते तोंडी सांगतात. टायर ४५ मिलिमीटरचा, चिखल निघून जायला दोन्ही बाजूंना सहा-सहा, एकूण ५७. पण रुंद रिमवर तोच टायर ४७ भरतो, म्हणजे ५९. त्यात बाजार थांबायला तयार नाही. भाऊंनी ४० वर मन घट्ट केलं तेव्हा ४५ चे टायर आले. ४५ वर जीव जडला तोवर ५० चे आले. परदेशी कंपन्यांनी टायर रुंद करणं थांबवल्याशिवाय भाऊंच्या घरी सायकल येण्याची चिन्हं नाहीत.

अमरावतीचे भाऊ आणि अकोल्याचे भाऊ यांच्यात मात्र मतभेद आहेत. अमरावतीकर परतवाडा ओलांडून चिखलदऱ्याच्या घाटाकडे बोट दाखवतात: तिथे दगड, म्हणून फ्रेम क्रोमोली स्टीलची हवी. अकोलेकर म्हणतात, दगड परवडला, आमची काळी माती पाहा. उन्हाळ्यात तिच्या भेगेत ५० चा टायरही अख्खा उतरतो आणि पावसाळ्यात तीच माती टायर सोडत नाही. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायरात सीलंट ओतावं, तर मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि सीलंट वाळून जातं. दोघांची चर्चा रात्री अकरापर्यंत चालते. ती संपल्यावर दोघंही स्कूटीवर घरी जातात.

मधल्या काळात या दोन शहरांनी जगाला एक गोष्ट करून दाखवली. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ७५ किलोमीटरची सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली. गिनीज बुकात नोंद झाली, कतारमधल्या दोहाचा विक्रम मोडला. काम ७ जूनला, मृगाच्या तोंडावर संपलं. दोन्ही जिल्हे खूश, एकटे भाऊ खिन्न. म्हणाले, “डांबराचं काय घेऊन बसले राजेहो? एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर ग्रॅव्हल बाईक चालवू कुठी?” मग त्यांनाच पांदण आठवली. शेतात जायची ती वाट अजून गिनीज बुकाच्या नजरेत आलेली नाही, म्हणून त्यांना धीर आला.

वहिनींनी मात्र या विषयाचा निकाल एका वाक्यात लावला आहे. “टायरची जागा मांगून मोजा. पह्यले घरात सायकल ठेवाले किती जागा हाय ते मोजा.” भाऊंनी मोजलं. दिवाण आणि कपाट यांच्यामध्ये हँडल बसत नाही. आता ते अरुंद हँडलचा अभ्यास करतात.

तरीही, वऱ्हाडात खडीमातीवर सायकल घालायची असेल तर सल्ला भाऊंचाच घ्यावा. काळ्या मातीच्या मुलखात टायर ४५ च्या खाली नको, दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर सोडावेत आणि कंपनीच्या आकड्यावर न जाता स्वतः मोजून घ्यावं, हे त्यांचं म्हणणं चोख आहे. त्यांना चहा पाजा, आकडे लिहून घ्या आणि दुकानात एकटे जा. भाऊ सोबत आले, तर तुमचीही सायकल पुढच्या मृगापर्यंत ठरायची नाही.