त्रेपन्नावा दरवाजा

छत्रपती संभाजीनगरातील रात्रीच्या प्रवासाचे वर्णन करू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या शहरात येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ‘कोण, कुठला, कशासाठी’ असे विचारण्याची परंपरा दुचाकीच्या जन्माहून बरीच जुनी आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने वसवलेल्या या नगराला तट नाही, अशी नोंद १६६०च्या दशकात येथून गेलेल्या जाँ द तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने केली होती, त्यामुळे त्या गृहस्थाला निदान वेशीवर तरी कोणी खोळंबवले नसावे. पुढे १६८२ साली औरंगजेबाने मराठ्यांच्या धास्तीने तट बांधून घेतला, तटाला दरवाजे आले, दरवाजांवर पहारे आले, आणि लहानमोठे सगळे मोजून ‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही जी ख्याती झाली ती तट बहुतांशी नाहीसा झाल्यावरही आणि २०२३ मध्ये शहराचे नाव बदलल्यावरही टिकून राहिली. पुरातत्त्वज्ञांनी अद्याप हिशेबात न धरलेला त्रेपन्नावा दरवाजा मात्र लोखंडी असून त्याला खाली चाके असतात, दिवसा तो चौकातल्या एखाद्या भिंतीला टेकून उभा असतो आणि रात्री रस्त्यावर आडवा येतो. त्यालाच व्यवहारात नाकाबंदी म्हणतात. म्हणजे बॅरिकेड अशा रीतीने पुढेमागे लावायचे की वाहनाला नागमोडी वळण घेऊनच पुढे जाता यावे, आणि त्या वळणावर वेग इतका उतरावा की चालकाच्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकून त्याच्या चारित्र्याविषयी प्राथमिक मत बनवता यावे. या बॅरिकेडवर बहुधा कोणा सराफाची किंवा शिकवणीवर्गाची जाहिरात असते, आणि पोलीस भरतीची तयारी करून देणाऱ्या एखाद्या अकॅडमीची असली, तर पुढे येणाऱ्या प्रसंगाला ती विशेष शोभून दिसते.

या दरवाजातून रात्री जे जातात त्यांत वाळूजच्या कारखान्यांतून दुसरी पाळी संपवून परतणारे कामगार असतात, घाटीत म्हणजे शासकीय रुग्णालयात दाखल असलेल्या नातेवाइकाचा डबा घेऊन निघालेली माणसे असतात, लग्नाहून परतणारी कुटुंबे असतात. परंतु या सर्वांत सर्वाधिक संशयास्पद दिसणारा आणि सर्वांत निरुपद्रवी असणारा वर्ग म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थी होय. तो रात्री साडेबारा वाजता बाहेर का पडतो, या प्रश्नाचे उत्तर ‘चहा’ एवढेच असते, आणि ते खरे असल्यामुळेच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. विद्यापीठाच्या परिसरातील खोलीवर किंवा अभ्यासिकेत (अभ्यासिका म्हणजे जेथे मासिक शुल्क देऊन खुर्ची, दिवा आणि शांतता भाड्याने मिळते अशी जागा) स्पर्धा परीक्षेचे पुस्तक मिटून तो उठतो, सोबत्याला ‘चल बे, स्टेशनला जाऊन येऊ’ म्हणतो, आणि पाच-सहा किलोमीटरच्या एका प्रवासाला आरंभ होतो.

हा मार्ग ऐतिहासिक दृष्ट्या समृद्ध आहे. प्रवासी प्रथम खाम नदीवरच्या मकई दरवाजातून जातो, ज्याची कमान बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंबारीसह हत्ती होता, समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा नव्हत्या. जवळच पाणचक्की आहे, जेथे दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून पिठाचे जाते फिरवले जात असे आणि जेथे बाबा शाह मुसाफिर या सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे. रात्रीच्या प्रवाशाला मुसाफिर नावाच्या संताचा शेजार लाभणे हा शुभशकुन मानता आला असता, परंतु मोटार वाहन कायद्यात शकुनांची तरतूद नाही. पुढे मलिक अंबरने मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ उभारलेला भडकल दरवाजा लागतो, त्यानंतर मिल कॉर्नर येतो, जेथे पोलीस आयुक्तालय असल्याने गाडीचा वेग आपोआप ताशी वीस किलोमीटरवर येतो, मग मध्यवर्ती बसस्थानक, आणि त्यानंतर महावीर चौक, ज्याला निम्मे शहर आजही बाबा पेट्रोल पंप म्हणते. नाकाबंदी या मार्गावर कुठेही असू शकते. ती नेमकी कुठे आहे हे समोरून येणारे दुचाकीस्वार हेडलाइटची उघडझाप करून कळवतात, आणि अनोळखी माणसांमधील निरपेक्ष बंधुभावाची इतकी शुद्ध उदाहरणे आधुनिक नागरी जीवनात फारशी उरलेली नाहीत.

सूचना मिळूनही विद्यार्थी मागे वळत नाही, कारण बॅरिकेड पाहून वळणारी गाडी पोलिसांना फार आवडते, हे त्याने वडीलधाऱ्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेले असते. तो सरळ जातो, मात्र जाताना त्याच्या पाठीचा कणा अचानक ताठ होतो, दोन्ही हात हँडलवर शास्त्रोक्त रीतीने येतात, आणि चेहऱ्यावर जे निष्पाप भाव येतात ते पाहूनच अनुभवी हवालदार काठी आडवी करून ‘साइडला घे’ म्हणतो.

येथे संबोधनांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. वाहतूक पोलिसाला महाराष्ट्रातील तरुण वर्ग त्याच्या पाठीमागे ‘मामा’ म्हणतो, आणि समोरासमोर येताच ते नाते तत्क्षणी तोडून ‘साहेब’ म्हणतो. खांद्यावर एक तारा म्हणजे सहायक उपनिरीक्षक, दोन तारे म्हणजे उपनिरीक्षक आणि बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार, हा भेद विद्यार्थ्याला परीक्षेपुरता तोंडपाठ असतो. परंतु बॅटरीच्या झोतामागे तारे, फिती आणि मिशा यांतले काहीच दिसत नसल्यामुळे तो समोरच्या काळोखालाच साहेब म्हणून मोकळा होतो.

गाडी बाजूला घेतल्यावर पहिली नजर जाते ती नंबर प्लेटवर, आणि त्या दृष्टीने नाकाबंदीवरचा पोलीस हा मराठवाड्याचा चालताबोलता भूगोल असतो. एमएच २० म्हणजे स्थानिक, २१ म्हणजे जालना, २२ म्हणजे परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, आणि हिंगोली जिल्हा उशिरा वेगळा झाल्यामुळे ही रांग सोडून थेट ३८. आठही जिल्ह्यांतली मुले शिकायला येथे येतात आणि येताना वडिलांची गाडी घेऊन येतात, म्हणून एका रात्रीत एका बॅरिकेडपुढे सबंध विभाग हजेरी लावून जातो. काही प्लेटांवर ४१४१ हे अंक अशा कलेने वळवलेले असतात की ते ‘दादा’ असे वाचले जावेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना विक्रेत्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी बसवून मिळू लागल्यामुळे ही लोककला मात्र आता अस्ताला चालली आहे. प्रस्तुत प्रवासातील गाडी एमएच २२ आहे, चालक अभियांत्रिकीनंतर फौजदार होण्याची तयारी करणारा आहे, त्याने हेल्मेट घातले आहे, आणि त्याच्या मागे बसलेल्या सोबत्याने डिसेंबरची थंडी पाहून आपल्या बहिणीचा गुलाबी स्टोल डोक्याला, कानांना आणि तोंडाला घट्ट गुंडाळला आहे.

‘लायसन्स दाखव.’

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३० नुसार गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने अनुज्ञप्ती, म्हणजे ज्याला सर्व जग लायसन्स म्हणते ते, तपासणीसाठी दाखवले पाहिजे. विद्यार्थ्याला हे कलम ठाऊक असते. किंबहुना १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्याने खुनाचे ३०२ जाऊन १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ झाले, हे त्याला झोपेतून उठवले तरी सांगता येते. सांगता येत नाही ते एवढेच, की लायसन्स कोणत्या खिशात आहे. भरतीच्या मैदानी चाचणीसाठी दररोज पहाटे सोळाशे मीटर धावणारे त्याचे पाय या प्रसंगी गाडी स्टँडवर लावतानाही थरथरतात. लायसन्स खोलीवर, दुसऱ्या पँटमध्ये राहिलेले असते. २०१८ सालापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या शासकीय अ‍ॅपमधील प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते, परंतु त्यासाठी अ‍ॅप उघडावे लागते, अ‍ॅप उघडण्यासाठी सहा अंकी पिन आठवावा लागतो, आणि पिन विसरल्यास मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची वाट पाहावी लागते. तोपर्यंत फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आलेली असते. दरम्यानच्या काळात विद्यार्थी गॅलरीत साठवलेला लायसन्सचा फोटो शोधू लागतो आणि हवालदाराच्या डोळ्यांदेखत पंचायत राजच्या नोट्स, एका मित्राच्या तोंडाला फासलेला वाढदिवसाचा केक, मेसच्या भाजीत सापडलेली अळी आणि पुन्हा पंचायत राजच्या नोट्स असे एक चित्रप्रदर्शन पार पडते. ‘फोटो चालत नसतो,’ असे हवालदार सांगतात, पण प्रदर्शन संपेपर्यंत थांबतात.

या ठिकाणी विद्यार्थिवर्गाच्या एका पोटजातीची नोंद केली पाहिजे, ती म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्तिधारकांची. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, त्यावर गाडी चालवताना पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी एल अक्षर लावावे लागते आणि शिकवणारा पक्का लायसन्सधारक सोबत असावा लागतो. एल लावून महाविद्यालयात जाणे हे तारुण्याला कमीपणा आणणारे वाटत असल्याने ती पाटी कोणी लावत नाही. शिकवणारा म्हणून जो मागे बसलेला असतो त्याचेही लायसन्स शिकाऊच निघते, आणि मग दोन अर्धी लायसन्से मिळून एक पूर्ण होते असा जो युक्तिवाद मांडला जातो तो गणिताच्या अंगाने निर्दोष असतो.

कागदपत्रांनंतर श्वासपरीक्षा. कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे मोजण्यासाठी हातात मावेल असे एक यंत्र असते, ज्याच्या नळीतून फुंकर घातली असता श्वासातील मद्यार्कामुळे आतल्या घटात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. ज्याने आयुष्यात उसाच्या रसापलीकडे काही प्यायलेले नाही असा विद्यार्थीही या यंत्रापुढे हादरतो, कारण संध्याकाळी घेतलेले खोकल्याचे औषध त्याला नेमके याच वेळी आठवते. ‘फुंक मार,’ म्हटल्यावर तो घाबरून श्वास आत ओढतो. ‘अरे आत नको, भाहेर!’ असे सांगितल्यावर तो इतक्या जोराने फुंकतो की नळी निघून हवालदाराच्या बुटावर पडते. नवी नळी लावली जाते, तिसऱ्या खेपेस शून्य येते, आणि त्या शून्याकडे दोघेही काही क्षण समाधानाने पाहतात. बारावीनंतर एखाद्या निकालाने त्या मुलाला इतका आनंद दिलेला नसतो.

यानंतर जो प्रश्न येतो त्याचा उल्लेख कोणत्याही कायद्यात नाही, तरी प्रत्येक तपासणीत तोच निर्णायक ठरतो. तो प्रश्न म्हणजे ‘कुठला रे तू?’ त्याला जिल्हा सांगून चालत नाही. तालुका, तालुक्यानंतर गाव, गावानंतर आडनाव आणि आडनावानंतर ‘अमक्याचा कोण तू?’ अशा पायऱ्या उतरत संभाषण जाते, आणि बहुतेक वेळा तिसऱ्याचौथ्या पायरीवर हवालदाराची कोणी चुलत बहीण त्या गावच्या शेजारी दिलेली निघते. तेथून पुढे वातावरण पालटते. पावसाची, सोयाबीनच्या भावाची चौकशी होते. मग ‘शिकतो काय?’ या प्रश्नाला ‘पीएसआयची तयारी करतोय, साहेब’ असे उत्तर येते आणि बॅटरी प्रथमच खाली झुकते. हवालदारांचा थोरला मुलगाही भरतीलाच बसणार असतो, त्याला गोळाफेक काही केल्या जमत नाही, आणि गोळा खांद्यातून फेकायचा की कमरेतून यावर त्यांना तज्ज्ञाचे मत हवे असते. विद्यार्थी पाय फाकवून, गुडघा वाकवून, मोबाइल गालाशी धरून प्रात्यक्षिक दाखवतो. हवालदार काठी बगलेत धरून ते पाहतात. मागे सात गाड्या खोळंबतात आणि त्यांतला एक रिक्षावाला ‘क्या चल रा भाई?’ असे दख्खनीत विचारतो.

तथापि स्नेह निराळा आणि कर्तव्य निराळे, हे हवालदार विसरत नाहीत. कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, आणि गुलाबी स्टोल हे भारतीय मानक ब्यूरोच्या व्याख्येत बसत नाही. ‘पावती तर फाडावी लागंल,’ असे ते खेदाने सांगतात. वस्तुतः ई-चलन आल्यापासून महाराष्ट्रात पावती कोणी फाडत नाही. यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकून मागून एक छायाचित्र घेतले की दंडाचा संदेश गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर आपोआप जातो. खिशातून तत्क्षणी पैसे गेले नाहीत, या आनंदात विद्यार्थी ‘थँक्यू साहेब’ म्हणतो, हवालदार ‘हळू जा रे’ म्हणतात, आणि प्रवासी पुन्हा मार्गस्थ होतात.

स्टेशनच्या बाहेर चहा उत्तम असतो. दोघेही पहिला घोट घेतात, सोबती स्टोल तोंडावरून जरा खाली करतो, चालक नाकाबंदीची हकिगत त्यालाच पुन्हा सांगू लागतो आणि त्या हकिगतीत आपला आवाज किती ठाम होता याचे वर्णन करतो, तेवढ्यात चार टक्क्यांतल्या उरलेल्या दोन टक्क्यांवर फोन वाजतो. मालक म्हणून नोंद असलेले गृहस्थ परभणी जिल्ह्यात जागे झालेले असतात, धाकट्या मुलाने त्यांना चलनाची लिंक उघडून छायाचित्र मोठे करून दाखवलेले असते.

‘काय रे, तू तर साडेदहालाच झोपतो म्हणला होतास!’

विद्यार्थी चहाचा संदर्भ देऊ पाहतो.

‘चहाचं राहू दे,’ पलीकडून आवाज येतो, ‘गाडीवर मागं कोण बसलीय ते सांग आधी.’